घर कोणाला द्यायचे, त्याआधी ते कोणाचे आहे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात

पत्रलेखिका ६१ वर्षांच्या आहेत. एका शाळेत लिपिक म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान अचानक गेले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. १९९६ साली यजमानांनी स्वतःच्या एकट्याच्या नावावर घेतलेल्या सदनिकेत त्या मुलगा, सून आणि नातवासोबत राहतात. सोसायटीत नॉमिनी म्हणून यजमानांनी त्यांचेच नाव दिलेले होते. मुलीच्या लग्नाला अकरा वर्षे झाली असून ती दुसऱ्या शहरात असते. ८४ वर्षांच्या सासूबाई धाकट्या दिरांकडे राहतात. आता इमारतीचा पुनर्विकास ठरला आहे आणि विकसकाशी करार होण्याआधी आईने घर आपल्या नावावर करून द्यावे, म्हणजे दोनदा कागद करावे लागणार नाहीत, असे मुलाचे म्हणणे आहे. मुलीच्या लग्नात पुष्कळ खर्च झाल्यामुळे घर मुलाला द्यावे हे पत्रलेखिकेलाही रास्त वाटते, पण सही करायला हात धजत नाही. त्याऐवजी मृत्युपत्र केले तर आपला मुलावर विश्वास नाही असा अर्थ निघेल, अशी त्यांना भीती आहे. घर घेताना त्यांनी माहेरच्या चार तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या होत्या, हे मुलांना माहीत नाही. ते आता सांगावे का, असे त्यांनी पत्राच्या शेवटी विचारले आहे.

उत्तर

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात एक गोष्ट खटकली. घर मुलाला द्यावे की मुलीलाही, आता द्यावे की नंतर, याचा विचार तुम्ही चार पाने केला आहे. मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षे तुम्ही स्वतः कोणत्या छपराखाली आणि कोणत्या हक्काने राहणार, याबद्दल पत्रात एकही ओळ नाही. तुमचा हात सहीला धजत नाही याचे कारण मला तिथेच दिसते. त्याला तुम्ही मनाचा कमकुवतपणा म्हणता, मला तो शहाणपणा वाटतो.

आधी तुमचे एक गृहीतक तपासू. ‘नॉमिनी मी आहे, म्हणजे घर माझे आहे’ असे धरून तुम्ही पुढचा सगळा विचार केला आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत असेच समजतात, पण कायदा तसे मानत नाही. नॉमिनी हा मालमत्ता ताब्यात घेऊन खऱ्या वारसांसाठी सांभाळणारा माणूस असतो. सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विम्याच्या संदर्भात हे १९८४ मध्ये सांगितले होते आणि कंपन्यांच्या शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये तेच पुन्हा स्पष्ट केले. (विम्याच्या कायद्यात २०१५ मध्ये जवळच्या नातलगांपुरती वेगळी तरतूद आली, ती वेगळी.) महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांचा कायदा तर अशा नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’ असेच नाव देतो. कायदेशीर वारस सभासद होईपर्यंत त्याने संस्थेपुढे घराचे प्रतिनिधित्व करायचे असते. देखभालीची पावती तुमच्या नावाने येते म्हणून घर तुमचे झाले, असे होत नाही.

मग घर कोणाचे आहे? तुमचे यजमान हिंदू होते, मृत्युपत्र न करता गेले आणि सदनिका त्यांची स्वकष्टार्जित होती. अशा वेळी हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे ती पहिल्या वर्गातील वारसांमध्ये समान वाटली जाते. तुमच्या घरात असे वारस चार आहेत: तुम्ही, मुलगा, मुलगी आणि सासूबाई. मृताची आई पहिल्या वर्गातील वारस असते, हे सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. तुमच्या पत्रात सासूबाई केवळ ‘दिरांकडे असतात’ एवढ्यापुरत्याच आल्या आहेत, पण या घरात त्यांचा चौथा हिस्सा आहे. तुमचा हिस्साही चौथाच आहे. म्हणजे तुम्हाला संपूर्ण घर मुलाच्या नावावर करून देता येणारच नाही. तुमच्या एकट्या सहीने फार तर एक चतुर्थांश त्याच्याकडे जाईल. तेवढ्या बळावर विकसकाशी करार झाला, तर पुढे कधीही त्यावर हरकत येऊ शकते.

सासूबाईंच्या वयाचा मुद्दा मी मुद्दाम काढते आहे, कारण येथे वेळेला महत्त्व आहे. देव करो आणि त्यांना भरपूर आयुष्य मिळो, पण मृत्युपत्र न करता त्या गेल्या तर त्यांचा चौथा हिस्सा त्यांच्या मुलांकडे जाईल: एक वाटा दिरांना, एक वाटा नणंदा असतील तर त्या प्रत्येकीला, आणि तुमच्या यजमानांच्या नावाचा एक वाटा तुमच्या दोन मुलांना मिळून. सून म्हणून तुम्हाला त्यात काही मिळणार नाही. आज चार सह्यांत मिटणारा प्रश्न तेव्हा सहा-सात सह्यांचाही होऊ शकेल. त्यांतली एखादी सही परदेशात असेल, एखादी रुसलेली असेल.

आता मुलीच्या लग्नाबद्दल. ‘तिचे लग्नात दिले’ हे वाक्य आपल्या घराघरांत इतक्या सहजपणे बोलले जाते की त्याचा हिशोब कोणी मागत नाही. मला तुम्हाला विचारावेसे वाटते की लग्नात जो खर्च झाला, त्यातला मुलीच्या हाती किती आला? मंडप, जेवणावळी, आहेर, मानपान यांवर गेलेला पैसा तिच्या नावावर कुठे जमा झालेला नसतो. मुलाच्या शिक्षणाचा आणि लग्नाचा खर्च मात्र कोणी वहीत मांडून ठेवत नाही. कायद्यापुरते बोलायचे, तर लग्नखर्चामुळे वारसाहक्क कमी होत नाही. मुलींना हक्क २००५ साली मिळाला असे अनेकजण म्हणतात, पण ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेपुरती होती. वडिलांनी स्वतः कमावलेल्या आणि मृत्युपत्राशिवाय मागे ठेवलेल्या मालमत्तेत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, आणि तो १९५६ पासून आहे. तेव्हा तुमच्या मुलीला ‘काही द्यायचे की नाही’ हा प्रश्नच उरत नाही. तिचे तिला यजमान गेले त्या दिवशीच मिळालेले आहे.

हे वाचून मुलगा लबाडी करतो आहे असा अर्थ कृपया काढू नका. त्याची घाई खोटी नाही. पुनर्विकासात नव्या घराचा करार सभासदाशी होतो, कागद अपुरे असले तर विकसक आणि संस्था दोघेही अडून बसतात, आणि मृत व्यक्तीच्या नावाचा भाग दाखला (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट) घेऊन फिरणाऱ्या कुटुंबाची फाईल सगळ्यात खाली जाते. नावाचा प्रश्न करारापूर्वी सोडवायला हवा, एवढे त्याचे म्हणणे अगदी बरोबर आहे. कोणाच्या नावावर, एवढाच मुद्दा उरतो.

तो सुचवतो आहे तो मार्ग बहुधा बक्षीसपत्राचा असावा. महाराष्ट्रात राहते घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे, आणि या स्वस्ताईमुळेच अनेक आया हा कागद फारसा विचार न करता करून देतात. पण बक्षीसपत्र एकदा नोंदले गेले आणि समोरच्याने स्वीकारले की ते आपल्या मनाने मागे घेता येत नाही. उद्या मुलाची नोकरी गेली, कर्जापोटी घर तारण पडले, त्याच्या संसारात वितुष्ट आले, किंवा बोलायलाही नको असे काही तुमच्या आधी त्याच्याच बाबतीत घडले, तर तुम्ही स्वतःच्या घरात पाहुण्या होता. मुलगा चांगला असूनही हे होऊ शकते, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी त्याच्या हातात नाहीत. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात असे हस्तांतरण रद्द करून घेण्याची सोय आहे, पण सांभाळ करण्याची अट त्या कागदातच स्पष्ट लिहिलेली असेल तर तिचा आधार भक्कम होतो. प्रेमापोटी करून दिलेल्या कागदात अशी अट कोणी लिहीत नाही. ज्या वाचक आयांना काही कारणाने बक्षीसपत्र करणे भागच आहे, त्यांनी दोन वाक्ये आग्रहाने घालून घ्यावीत: हयातभर या घरात राहण्याचा हक्क माझा राहील, आणि माझा सांभाळ करण्याच्या अटीवर हे बक्षीस दिले आहे.

तुमच्या बाबतीत मला याच्या उलट दिशेचा मार्ग योग्य वाटतो. मुलगा, मुलगी आणि सासूबाई यांनी आपापला हिस्सा नोंदणीकृत हक्कसोडपत्राने तुमच्या नावे सोडावा, संस्थेने तुम्हाला कायम सभासद करून घ्यावे आणि विकसकाशी करार तुमच्या नावाने व्हावा. त्यानंतर नव्या घराचे पुढे काय व्हावे, हे तुम्ही मृत्युपत्रात लिहावे. असे केले तर हयातीत छप्पर तुमचे राहते आणि नंतरचा निर्णयही तुमचा राहतो. सासूबाईंना प्रवास झेपत नसेल, तर विनंती अर्ज केल्यावर दुय्यम निबंधक नोंदणीसाठी घरी येऊ शकतात. मात्र त्यांच्याकडे कागद आधी तयार करून केवळ अंगठा घ्यायला जाऊ नका. जाऊन बसा, दिरांच्या देखत सांगा आणि त्यांना विचार करायला वेळ द्या. त्यांनी हिस्सा सोडायला नकार दिला किंवा त्याची किंमत मागितली, तर तो त्यांचा हक्क आहे. ज्या बाईने मुलगा गमावला तिला, तुमचे या घरात काही नाही, असे आपण तरी म्हणू नये.

कोणीच हिस्सा सोडला नाही, तरी घाबरण्याचे कारण नाही. चौघांची नावे संयुक्त सभासद म्हणून लागू शकतात आणि करार चौघांच्या सह्यांनी होऊ शकतो. संस्थेने वारसांचा पुरावा मागितला, तर दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र मिळते. त्याचा आधार असलेला मुंबई विनियम १८२७ सालचा आहे आणि आजही लागू आहे. त्याला काही महिने लागतात, म्हणून पुनर्विकासाच्या सभा सुरू असतानाच अर्ज करणे बरे.

मृत्युपत्र म्हणजे अविश्वास, या तुमच्या भीतीकडे आता येते. माझी एक मावशी होती. ती गेली तेव्हा तिच्या लोखंडी कपाटाची किल्ली तांदळाच्या डब्यात सापडली आणि कपाटात तीन बँकांची पासबुके, मुदत ठेवींच्या पावत्या आणि रुमालात बांधलेला एक गोफ निघाला. गोफाच्या गाठीला चिठ्ठी होती, पण शाई पुसट होऊन नाव वाचता येत नव्हते. ते ‘सुमी’ होते की ‘सुधा’, यावरून दोन बहिणी पुढे नऊ वर्षे एकमेकींच्या दारात गेल्या नाहीत. दोघींनाही सोन्याची गरज नव्हती. मावशीच्या मनात आपण होतो की नाही, एवढेच त्यांना हवे होते. ज्या आईचा मुलांवर विश्वास असतो, तिनेच खरे तर त्यांच्यावर असा अंदाज बांधण्याची वेळ येऊ देऊ नये. मृत्युपत्र लिहून तुम्ही मुलाला संशयापासून वाचवता, कारण उद्या ‘तू आईकडून लिहून घेतलेस’ असे त्याला कोणी म्हणू शकणार नाही.

मृत्युपत्र करणे लोकांना वाटते तेवढे अवघड किंवा खर्चिक नाही. ते साध्या कागदावर, आपल्या मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिले तरी चालते. मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही, तरी मी ती करून घ्या असेच सांगेन, कारण मूळ कागद हरवला तरी नोंद राहते. आवश्यक गोष्ट एकच: तुमची सही किमान दोन साक्षीदारांसमोर व्हावी आणि त्या दोघांनी तुमच्यासमोर सही करावी. साक्षीदार वयाने तुमच्यापेक्षा लहान असावेत आणि मृत्युपत्रातून ज्यांना काही मिळणार आहे त्यांपैकी नसावेत. तुमच्या डॉक्टरांकडून त्याच दिवसाचा मानसिक स्वास्थ्याचा दाखला जोडलात तर पुढचे बरेच वाद टळतील. अंमलबजावणीसाठी एक व्यवस्थापक नेमा. उल्लेख राहून गेलेल्या किंवा पुढे मिळणाऱ्या मालमत्तेचे काय करायचे, याचे एक वाक्य शेवटी जरूर घाला. तुमच्या बाबतीत त्याला विशेष महत्त्व आहे, कारण आजची सदनिका पाडली जाऊन तिच्या जागी नव्या क्रमांकाची सदनिका येणार आहे. मृत्युपत्रात फक्त जुना क्रमांक असेल तर घोळ होईल, म्हणून ‘ही सदनिका, किंवा पुनर्विकासात तिच्या बदल्यात मिळणारी सदनिका आणि रक्कम’ असे लिहा. मन बदलले तर कितीही वेळा नवे मृत्युपत्र करता येते. शेवटचे ग्राह्य धरले जाते.

त्यात वाटणी कशी करावी, हे मी सांगणार नाही. पण सारखी वाटणी म्हणजे घराच्या दोन खोल्या दोघांना, असे समजू नका. घर मुलाला, आणि त्याने बहिणीला ठरावीक मुदतीत ठरावीक रक्कम द्यावी, असेही लिहिता येते. घर मुलाला आणि ठेवी व दागिने मुलीला, असेही करता येते, फक्त त्या दिवशीच्या किमतींचा हिशोब मांडून बघा, कारण घराची किंमत आणि ठेवींची किंमत यांत फार अंतर असते. मृत्युपत्र केलेच नाही, तर तुमचे सर्व काही दोन्ही मुलांना समान जाईल. हेच तुम्हाला मान्य असले तरीही लिहून ठेवावे, कारण कोणती वस्तू कोणाकडे जावी हे कायदा सांगत नाही.

बँकेतल्या ठेवी आणि निवृत्तीचे पैसे यांवर सगळीकडे मुलगाच नॉमिनी आहे, असे तुम्ही लिहिता. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात, तेव्हा मृत्युपत्रात जे लिहाल त्याच्याशी जुळतील अशी नावे बँकेतही द्या. दागिन्यांची यादी करताना ‘सोन्याचे दागिने’ एवढेच न लिहिता प्रत्येक दागिना वजनासह वेगळा लिहा. स्त्रीधन पूर्णपणे तुमचे आहे आणि त्यासाठी कोणाची संमती लागत नाही.

येथे ज्या वाचक स्त्रियांना मूलबाळ नाही, त्यांच्यासाठी थोडे थांबते, कारण त्यांना मृत्युपत्राची गरज सर्वांत जास्त आहे. मुले आणि पती मागे नसताना हिंदू स्त्री मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिची स्वतःची कमाईसुद्धा आधी पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यांच्यानंतर लागतो. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता मात्र वडिलांच्या वारसांकडे परत जाते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणातील स्त्री लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली होती. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले, माहेरच्यांनी शिकवले, तिने आयुष्यभर नोकरी केली. मृत्युपत्र नव्हते म्हणून तिची सगळी शिल्लक पतीच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. न्यायालयाने सहानुभूती असूनही कायद्याचे शब्द बदलता येत नाहीत, असे सांगितले. ज्या भावाने, बहिणीने किंवा मैत्रिणीने तुम्हाला सांभाळले, तिचे नाव कागदावर तुम्हीच लिहायला हवे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी वाचकांना वारशाचे नियम वेगळे लागू होतात, तेव्हा त्यांनी हे हिस्से आपल्याला तसेच लावू नयेत. मुस्लिम कायद्यात सर्वसाधारणपणे एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

ताई, मुलांशी बोलाल तेव्हा दोघांशी एकाच वेळी बोला. मुलगी फोनवर असली तरी चालेल, पण आधी एकाला आणि मग दुसऱ्याला सांगू नका. सून घरात असेल तर तिलाही बसवा, कारण ती रोज तुमच्यासोबत राहते. सुरुवात मुलाच्या मागणीला उत्तर देण्यापासून न करता यजमानांच्या कागदांपासून करा: ‘बाबांनी मृत्युपत्र केले नव्हते, म्हणून हे घर आज आपल्या चौघांचे आहे. करारापूर्वी ते माझ्या नावावर यावे आणि माझ्यानंतर काय व्हावे हे मी लिहून ठेवावे, असे माझ्या मनात आहे. तुम्हाला काय वाटते?’ मुलगा थोडा दुखावला जाईल. त्याला दोन दिवस द्या. हक्कसोडपत्राचा मसुदा मुलीने तिच्या ओळखीच्या वकिलाला दाखवायचा म्हटला तर वाईट वाटून घेऊ नका. उलट तसे करायला तुम्हीच सांगा.

आणि त्या पाटल्या. कायद्याच्या दृष्टीने त्यांचा आज फारसा उपयोग नाही, कारण करारनाम्यावर तुमचे नाव नाही आणि इतक्या वर्षांनी घरातला तुमचा पैसा सिद्ध करणे कठीण आहे. तरीही सांगा, आणि त्याच बैठकीत सांगा. आपल्याकडे घर ‘बाबांनी घेतले’ असे म्हटले जाते आणि ते ऐकतच मुले मोठी होतात. मुलाला त्याचा हिस्सा तुमच्या नावे सोडायला सांगताना, तुम्ही या घरासाठी काय सोडले होते हे त्याला ठाऊक असायला हवे. मुलीलाही ते कळू द्या, कारण त्या पाटल्या कदाचित तिच्याकडे जायच्या होत्या. सराफाची १९९६ ची पावती अजून तुमच्याजवळ असेल, तर ती घराच्या करारनाम्याच्या पिशवीत ठेवा.